दातेरी रेझर आणि घरातले वयोवृद्ध

वयोवृद्ध माणूस दवाखान्यात येऊन समोरच्या खुर्चीवर बसतो, तेव्हा नाडीला हात लावण्यापूर्वीच डॉक्टरची नजर त्याच्या चेहऱ्यावरून फिरलेली असते. डोळ्यांचा पांढरेपणा, ओठांचा रंग, पापण्यांवरची सूज हे सारे पाहताना एक गोष्ट न ठरवताही पाहिली जाते, आणि ती म्हणजे दाढी. शहादा परिसरात सव्वीस-सत्तावीस वर्षे व्यवसाय केल्यानंतर माझी अशी खात्री झाली आहे की, पुरुष रुग्णाच्या बाबतीत दाढी ही एक बोलकी खूण आहे. कोणी हौसेने, श्रद्धेने वा परंपरेने दाढी राखतो. त्याच्याविषयी येथे काही म्हणायचे नाही. परंतु चाळीस वर्षे नेमाने गुळगुळीत दाढी करणारा माणूस अचानक आठ दिवसांचे खुंट घेऊन समोर आला, तर त्यामागचे कारण शोधलेच पाहिजे.

हे कारण दर वेळी आळस नसते. जबड्याच्या कडेला आणि कानाखाली केसांचे पुंजके राहून गेले असतील, तर मोतीबिंदू वाढला आहे काय, हे पाहावे लागते. हनुवटीवर लहान लहान चिरा दिसू लागल्या, तर हाताला कंप सुटला आहे काय, बोटांच्या हालचाली मंदावल्या आहेत काय, हे तपासावे लागते. कंपवाताच्या कित्येक रुग्णांना दाढी करताना आणि सदऱ्याची बटणे लावतानाच पहिली अडचण जाणवते. पत्नीच्या निधनानंतर दाढी, आंघोळ आणि जेवण या तिन्हींतून एकाच वेळी मन उठले असेल, तर ते नैराश्य असू शकते आणि त्यावर उपचार आहेत. आणि चेहऱ्याच्या एकाच बाजूची दाढी झालेली दिसली, तर ती मेंदूकडून आलेली सूचना समजावी.

या शेवटच्या प्रकारचे एक उदाहरण येथे सांगतो; ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. आमच्या तालुक्यातील एका गावचे निवृत्त शिक्षक, वय पंच्याहत्तरीच्या पुढचे. सारे गाव त्यांना गुरुजी म्हणते. घरात ते बापू. नोकरीच्या सबंध काळात सकाळी सहाला दाढी आणि सातला इस्त्रीचा पांढरा सदरा हा त्यांचा शिरस्ता. वर्षभरापूर्वी त्यांना पक्षाघात झाला आणि डावा हात व डावा पाय अधू झाला. हृदयाचे ठोके अनियमित असल्याने रक्त गोठू न देणारी गोळी रोज सुरू आहे. बोलणे स्पष्ट, स्मरणशक्ती शाबूत आणि उजवा हातही चांगला. तरी दाढी मात्र सुटली. प्रारंभी ते स्वतः करीत, पण केवळ उजव्या गालाची. डावा गाल तसाच राही. ‘बापू चेष्टा करतात की कंटाळा करतात, हेच कळत नाही’, असे मुलाचे म्हणणे. वास्तविक मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली की काही रुग्णांचे जगाच्या डाव्या बाजूकडे लक्षच जात नाही. डोळ्यांना दिसते, परंतु मेंदू त्याची दखल घेत नाही. ताटातील डाव्या बाजूची भाकरी उरते, सदऱ्याची डावी बाही राहून जाते आणि डावा गाल दाढीवाचून राहतो. यात चेष्टा नाही आणि कंटाळाही नाही.

पुढे त्यांनी दाढी करणेच सोडले. मुलगा करायला गेला की मान फिरवीत. ‘आता शाळेत जायचं नाही, मग दाढी कशाला?’ एवढेच म्हणत. आठ-दहा दिवसांनी कसेबसे राजी झाले की वाढलेल्या केसांत आजकालचा तीन पात्यांचा रेझर अडके, केस ओढले जात, बापू ओरडत आणि दोघांचीही सकाळ कडू होई. अशा वेळी मुलाने कुठून तरी माहिती काढून एक धातूचा, दोन्हीकडे धार असलेले ब्लेड बसवण्याचा रेझर मागवला. त्याच्या कडेला फणीसारखे दात होते. तो दवाखान्यात आणून त्याने माझ्या टेबलावर ठेवला आणि विचारले, ‘डॉक्टरसाहेब, वाढलेल्या दाढीला हा चांगला म्हणतात. बापूंना चालेल का?’

प्रश्न साधा होता. परंतु ज्या वस्तूचा आपल्याला अनुभव नाही, तिच्याविषयी रुग्णाच्या घरच्यांना ‘चालेल’ किंवा ‘चालणार नाही’ असे सांगणे मला प्रशस्त वाटेना. तसाच रेझर मी स्वतःसाठी मागवला आणि महिनाभर वापरून पाहायचे ठरवले.

या रेझरला इंग्रजीत ‘ओपन कोम’ म्हणतात. आपण दातेरी म्हणू. त्याचे तीन भाग असतात: वरचे झाकण, मधली दातेरी पट्टी आणि खाली मूठ. झाकण आणि पट्टी यांच्यामध्ये ब्लेड ठेवून मूठ फिरवली की तिन्ही भाग आवळले जातात. ब्लेडची धार पट्टीच्या किंचित बाहेर राहते आणि त्वचेवर प्रथम टेकतात ते पट्टीचे दात. सर्वसाधारण सेफ्टी रेझरमध्ये या दातांच्या जागी सलग, गुळगुळीत पट्टी असते. फरक दिसायला एवढासाच, पण कामात मोठा. सलग पट्टी वाढलेल्या केसांना आधी आडवे पाडते आणि पुढचा साबणही ढकलून नेते. दातांच्या फटींतून मात्र केस आणि फेस दोन्ही थेट धारेपर्यंत पोहोचतात.

ही रचना नवी नाही. किंबहुना बदलत्या ब्लेडच्या रेझरचे मूळ रूप हेच आहे. अमेरिकेतील किंग कॅम्प जिलेट यांच्या कंपनीने १९०३ साली असे रेझर विकायला काढले. त्या वर्षी अवघे ५१ रेझर आणि १६८ ब्लेड खपले. १९०४ मध्ये जिलेट यांना पेटंट मिळाले आणि त्याच वर्षी विक्री नव्वद हजार रेझरांच्या वर गेली. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैनिकांना हे रेझर सरकारी खर्चाने मिळाले आणि रोज स्वतःची दाढी स्वतः करण्याची सवय घेऊन ते घरी परतले. त्याआधी दाढी म्हणजे वस्तरा, आणि वस्तरा म्हणजे बहुधा नाभिकाचा सधा हात. सेफ्टी रेझरने ते काम घरच्या आरशासमोर आणले. पुढे दात जाऊन सलग पट्टी रूढ झाली. १९७१ मध्ये दोन पात्यांचा कार्ट्रिज रेझर आला आणि मग तीन, चार, पाच अशी पाती वाढत गेली.

आपल्या वाचकांपैकी सत्तरी ओलांडलेल्यांना हा इतिहास सांगण्याची गरज नाही. गोल डबीतला साबण, लाकडी मुठीचा ब्रश, पितळी वाटीतले कढत पाणी, खिडकीच्या गजाला अडकवलेला लहानसा आरसा आणि मेणकागदात गुंडाळलेले ब्लेड हे त्यांच्या तारुण्यातील सकाळचे दृश्य आहे. ब्लेड बोथट झाले की ते काचेच्या पेल्याच्या आतल्या बाजूला घासून आणखी चार दिवस चालवणारे काटकसरी वडील पुष्कळांना आठवत असतील. ब्लेड स्वस्त मिळत असताना तो उद्योग आता कोणी करू नये, एवढेच सांगतो.

माझा प्रयोग पौष महिन्यात सुरू झाला. त्या दिवसांत सातपुड्याकडून येणारे वारे कोरडे असते, गालांची त्वचा ताणल्यासारखी होते. गेली कित्येक वर्षे मी तीन पात्यांचा रेझर वापरत होतो आणि मानेवर बारीक पुळ्या हा माझा जुना त्रास होता. अनेक पात्यांच्या रेझरमध्ये पहिले पाते केसाला किंचित वर ओढते आणि मागचे पाते त्याला त्वचेच्या पातळीखाली कापते. दाढी गुळगुळीत होते खरी. पण कुरळे वा वाकडे वाढणारे केस पुढे बाहेर येण्याऐवजी त्वचेतच वळतात आणि तेथे पुळी धरते. एका पात्याच्या रेझरने हा त्रास बऱ्याच जणांचा कमी होतो.

पहिल्या आठवड्यात मी रोज दाढी केली आणि दातेरी रेझरचे विशेष कौतुक करावे असे काही आढळले नाही. रोजच्या बारीक खुंटांना सलग पट्टी पुरेशी असते. उलट दातेरी रेझरचा स्पर्श अधिक करकरीत वाटतो. दुसऱ्याच दिवशी खालच्या ओठाखालील खळगीत एक चीर पडली. तेथे दात टेकायला सपाट जागा मिळत नाही आणि धार थेट त्वचेला भिडते. वाकलेला जबडा, गळ्याची घाटी आणि दात पडल्यामुळे आत गेलेले गाल या सर्व ठिकाणी हाच धोका आहे, याची मी नोंद करून ठेवली.

खरी परीक्षा दुसऱ्या आठवड्यात झाली. चार दिवस दाढी वाढू दिली. पाचव्या दिवशी एका गालावर जुना कार्ट्रिज रेझर चालवला आणि दुसऱ्यावर दातेरी. कार्ट्रिजच्या पात्यांमधील फटी दोन-तीन फटकाऱ्यांतच केसांनी बुजल्या. प्रत्येक वेळी नळाखाली धरावा लागला आणि मिशीच्या कडेला केस चांगलेच ओढले गेले. दातेरी रेझर तेच केस न अडखळता कापत गेला आणि पाण्यात एकदा हलवला की स्वच्छ झाला. पुढील दोन आठवड्यांत तीन-तीन दिवसांच्या अंतराने दाढी केली, तेव्हाही हाच अनुभव आला. मानेवरील पुळ्या महिनाअखेर पुष्कळ ओसरल्या. एका माणसाचा अनुभव म्हणजे संशोधन नव्हे, हे मला ठाऊक आहे. परंतु वाढलेल्या दाढीला हा रेझर चांगला, हे मुलाचे ऐकीव म्हणणे माझ्या गालापुरते खरे ठरले.

या महिन्यात रीतही पक्की झाली, ती येथे देतो. दाढीपूर्वी कोमट पाण्याने भिजवलेले फडके दोन-तीन मिनिटे चेहऱ्यावर धरावे. पाणी शोषून केस फुगतो आणि मऊ होतो. कोरडा केस कापायला त्याहून कितीतरी अधिक जोर लागतो. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी बोअरचे पाणी जड असते आणि त्यात साबणाला फेस येत नाही. अशा वेळी पाणी उकळून, निवळून, वरचे कोमट पाणी घ्यावे. ब्रशने गोल गोल फिरवत दाट फेस करावा. रेझर त्वचेशी साधारण तीस अंशांच्या कोनात धरावा आणि दाबू मुळीच नये. धातूचे वजन पुरते. फटकारे लहान असावेत. केस ज्या दिशेने वाढतात त्याच दिशेने रेझर न्यावा. मानेवर ही दिशा जागोजागी बदलते, ती आधी बोटाने चाचपून पाहावी. दुसऱ्या हाताने त्वचा ताणून धरावी. गुळगुळीतपणाच्या हौसेपायी उलट्या दिशेने रेझर फिरवणे उतारवयात टाळलेलेच बरे. शेवटी थंड पाणी, मऊ पंचाने टिपणे आणि साधे मलम वा खोबरेल तेल. नंदुरबारच्या मिरचीच्या पथारींवर काम करणाऱ्यांनी तर कामावर जाण्याआधी दाढी करूच नये. ताज्या दाढीवर मिरचीची धूळ बसली की होणारी आग त्यांना मी सांगायला नको.

इतका अनुभव गाठीशी आल्यावर गुरुजींच्या मुलाला उत्तर देणे सोपे झाले. पण ते उत्तर त्याच्या अपेक्षेसारखे नव्हते. कारण प्रश्न रेझर चांगला की वाईट असा नसून, तो कोणाच्या हातात आणि कोणाच्या गालावर, असा आहे. माझ्या मते घरातल्या वयोवृद्धासाठी दाढीचे साधन निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात: हात, रक्त आणि त्वचा.

प्रथम हात. हाताला कंप आहे काय, बोटांत संधिवात आहे काय, दृष्टी स्वच्छ आहे काय? दातेरी रेझरची मूठ बारीक असते आणि साबणाने निसरडी होते. त्याहून अवघड काम ब्लेड बदलण्याचे. सुटे ब्लेड दोन आखूड बाजूंनीच धरायचे असते. थरथरत्या हाताने आणि अंधूक दृष्टीने हे काम करू नये. ते घरातल्या दुसऱ्या कोणी करून द्यावे.

दुसरे रक्त. वॉरफेरिन किंवा तत्सम रक्त गोठू न देणारी गोळी, क्लोपिडोग्रेल, ॲस्पिरिन यांपैकी काही सुरू असेल तर लहानशी चीरही बराच वेळ वाहते. एकच गोळी, स्थिर हात आणि चांगली त्वचा असलेला माणूस काळजीपूर्वक रेझर वापरू शकतो. परंतु औषधाची मात्रा जास्त असेल, दोन प्रकारच्या गोळ्या एकत्र सुरू असतील किंवा यकृताचा जुना आजार असेल, तर विजेचा ट्रिमरच बरा. आणि एक गोष्ट फार महत्त्वाची: दाढी करताना रक्त आले म्हणून कोणीही या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. गालावरची चीर दहा मिनिटांत थांबते; गोळी बंद केल्याने मेंदूत अडकलेली गुठळी आयुष्यभराचे पांगळेपण देऊ शकते. चीर पडल्यास स्वच्छ कापडाने दहा मिनिटे न उचलता घट्ट दाबून धरावे. तुरटीच्या स्पर्शाने बारीक चीर बंद होते, कारण तुरटी तेथील प्रथिने साकळवते. पण तुरटीचा खडाही ज्याचा त्याचा वेगळा असावा. पंधरा-वीस मिनिटे दाबूनही रक्त थांबले नाही, तर दवाखाना गाठावा.

तिसरी त्वचा. वयानुसार त्वचा पातळ होते, तिच्याखालची चरबी कमी होते, तेलग्रंथी मंदावतात आणि सुरकुत्यांच्या घड्या पडतात. दमा वा संधिवातासाठी दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्यांची त्वचा तर कागदासारखी होते. अशा त्वचेवर दातेरी रेझर चालवू नये. मधुमेह ताब्यात नसेल तर साध्या चिरेतून वा केसतुडातून जंतुसंसर्ग पसरू शकतो. तेथेही ट्रिमर अधिक सुरक्षित.

हात स्थिर, रक्त गोठण्यात अडचण नाही, त्वचा चांगली, आणि दाढी तीन-चार दिवसांनी करण्याची सवय: अशा सत्तरीतल्या माणसाला दातेरी रेझर मी खुशाल सुचवीन. गुरुजींचे तसे नव्हते. रक्त गोठू न देणारी गोळी, पातळ त्वचा, डाव्या बाजूचे हरवलेले भान आणि मध्येच मान फिरवण्याची सवय. मुलाला मी स्पष्ट सांगितले, ‘बापूंच्या गालावर हा नको. ट्रिमर आणा.’

त्याचा चेहरा उतरला. त्याला वडिलांचा जुना गुळगुळीत चेहरा परत हवा होता, आणि ट्रिमर तसा चेहरा देत नाही. बारीक खुंट शिल्लक राहतातच. मग मी त्यांच्या घरी गेलो. पात्याखेरीज दाढीतले बाकी सारे गुरुजींना परत देता येईल काय, हे मला पाहायचे होते. त्यांना खुर्चीत ताठ बसवले, पाठीशी उशी दिली, कवळी लावायला सांगितली. माझ्याकडचा ब्रश भिजवून त्यांच्या उजव्या हातात दिला. क्षणभर त्यांनी तो नुसता धरून ठेवला. मग बोटांनी आपली जुनी वाट शोधली आणि ब्रश साबणाच्या डबीत गोल फिरू लागला. उजव्या गालावर दाट फेस चढला, डावा कोरडाच. सुनेने आरसा त्यांच्या डाव्या बाजूला सरकवला आणि कोमट ओले फडके डाव्या गालाला लावले. स्पर्श झाला तशी मान वळली, हात वळला आणि तेथेही ब्रश पोहोचला. फेस पुसून, चेहरा पूर्ण कोरडा करून मग मुलाने ट्रिमर फिरवला. गुरुजींनी मान फिरवली नाही.

आता हा क्रम दर तिसऱ्या दिवशी चालतो. वीस-पंचवीस मिनिटे लागतात. सून म्हणते, तेवढ्या वेळात दोन भाज्या होतील. खरे आहे. पण तिसऱ्या आठवड्यापासून ब्रश गुरुजी स्वतः मागू लागले. डाव्या गालाची आठवण अजून दर वेळी करून द्यावी लागते. कधी ती लागणार नाही, असे आश्वासन मी दिलेले नाही. तो दातेरी रेझर आता मुलगा स्वतः वापरतो.

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची दाढी करणाऱ्यांसाठी आणखी काही सूचना. रुग्णाला सपाट झोपवून दाढी करू नये. पाठ उंच करावी, म्हणजे फेस वा पाणी घशात जाणार नाही. आधी सांगावे, मग हात लावावा, आणि प्रत्येक वेळी कोणत्या बाजूला जात आहोत ते बोलावे. विस्मरणाच्या रुग्णाला तर रेझर दाखवून, त्याच्या हातात रिकामा ब्रश देऊन सुरुवात करावी. त्याने नकार दिला तर तासाभराने पुन्हा पाहावे, जबरदस्ती करू नये. कवळी असेल तर ती लावूनच दाढी करावी, म्हणजे गाल भरलेला राहतो. नाकात नळी असल्यास चिकटपट्टीखालचे केस आधी ट्रिमरने काढावेत. पट्टी ओढताना होणारा त्रास वाचतो. घरी ऑक्सिजन सुरू असेल तर विजेचा ट्रिमर वा शेव्हर त्याच्याजवळ मुळीच वापरू नये, ठिणगीने आग लागण्याचा धोका असतो. अशा रुग्णाची दाढी कशी करायची, हे आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. ट्रिमर आदल्या रात्री चार्ज करून ठेवावा. सकाळी वीज असेलच असे नाही.

दाढी करणाऱ्याला रुग्णाचा चेहरा जितका जवळून दिसतो, तितका तो डॉक्टरलाही क्वचितच दिसतो. त्या वेळेचा उपयोग करून घ्यावा. गालावर वा नाकाजवळ एखादा फोड तीन-चार आठवडे बरा होत नाही, त्याच्यावर खपली धरते आणि पुन्हा रक्त येते, असे दिसल्यास तो दाखवावा. जबड्याखाली वा मानेत नवी गाठ हाताला लागते काय, हे चाचपावे. आपल्या भागात तंबाखू आणि बिडीचे प्रमाण पुष्कळ. गाल ताणताना तोंडाच्या आत पांढरा वा लाल चट्टा किंवा न भरणारी जखम दिसली, तर ती दडवू नये. तोंडाची एक बाजू अचानक ओघळलेली दिसली, बोबडे बोलणे आले किंवा ब्रश हातातून गळून पडला, तर दाढी तशीच सोडून रुग्णाला तत्काळ रुग्णालयात न्यावे. पक्षाघातात पहिल्या काही तासांचे मोल फार मोठे असते.

एक इशारा कुटुंबातल्या सर्वांसाठी. रेझर, ब्लेड आणि ट्रिमरचे पाते एकमेकांत वाटून घेऊ नये. बाप-लेकांनीही नाही, भावाभावांनीही नाही. हिपॅटायटिस बी या काविळीचा विषाणू शरीराबाहेर वाळलेल्या रक्तात निदान सात दिवस जिवंत राहू शकतो आणि न दिसणाऱ्या चिरेतून दुसऱ्याच्या शरीरात जाऊ शकतो. आठवडे बाजारात वा सलूनमध्ये दाढी करवून घ्यायलाही हरकत नाही. वयस्कर माणसाच्या सैल त्वचेवर आपल्या हातापेक्षा नाभिकाचा सरावाचा हात पुष्कळदा अधिक सुरक्षित असतो. तो ब्लेडचे दोन तुकडे करून अर्धे वस्तऱ्यात बसवतो. ते नवे ब्लेड आपल्या डोळ्यांदेखत उघडायला सांगावे. त्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही, आणि चांगला कारागीर त्याचे वाईट वाटून घेत नाही.

वापरलेले ब्लेड केराच्या डब्यात सुटे टाकू नये. सफाई करणाऱ्याच्या हाताला ते लागते. पत्र्याच्या रिकाम्या डब्याच्या झाकणाला फट पाडावी, ब्लेड त्यातून आत टाकावे आणि डबा भरला की फट चिकटपट्टीने बंद करून, वर ‘ब्लेड’ असे ठळक लिहून तो कचरा गोळा करणाऱ्याच्या हाती वेगळा द्यावा. तीन-चार दाढ्यांनंतर ब्लेड बदलावेच.

आणि घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी नवा रेझर किंवा ट्रिमर घेण्याच्या विचारात असाल, तर दुकानात जाण्यापूर्वी दोन कामे करावीत. त्यांच्या गोळ्यांची पाकिटे आपल्या डॉक्टरांना दाखवावीत. आणि दाढी कोणी करावी, केव्हा करावी, मिशी ठेवायची की काढायची, हे त्यांनाच विचारावे.